अण्णांची बुलेट

लोखंडाशी आमचा संबंध फारसा कधी आला नाही. पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती खडू शोभतो, पाना शोभत नाही, असे आमचे स्वतःविषयीचे मत होते, आणि घरातल्या कोणीही ते कधी खोडून काढले नाही. अण्णांनी तर आम्ही नववीत असतानाच निकाल देऊन टाकला होता. सायकलची उतरलेली साखळी चढवताना आम्ही बोट चेमटवून घेतले, तेव्हा ते आईला म्हणाले, "याला पुस्तकेच वाचू दे. साखळी धाकटा चढवील." त्या दिवशी घरातली कामाची वाटणी ठरली ती ठरलीच. पुस्तकांचे कपाट आमचे, हत्यारांची पेटी धाकट्या बंधूंची.

अशा आम्हांस 2023 सालच्या पावसाळ्यात, वयाच्या सत्तराव्या वर्षी, वाड्याच्या चौकात गुडघे टेकून बुलेटची किक दुरुस्त करण्यास बसावे लागले, ही हकिगत आमच्या सभेतील मंडळींना थट्टेची वाटेल. वाटू द्या. निम्मी ती तशीच आहे.

इंदुरात आमचे घराणे पणजोबांच्या वेळी आले. साताऱ्याकडून होळकर दरबाराच्या चाकरीत येण्याची जी कहाणी इथल्या प्रत्येक मराठी घरात आहे, तीच आमची. ती पुन्हा सांगून वाचकांचा वेळ घेत नाही. रामबागेतील वाडा आजोबांनी बांधला. अण्णांचा जन्म 1929 सालचा, त्याच वाड्यातला. पुढे ते लोकनिर्माण विभागात ओव्हरसिअर झाले. पुलांची, रस्त्यांची कामे पाहायला जिल्हाभर हिंडावे लागे. 1974 साली त्यांनी नवी बुलेट घेतली. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याचा तो काळ. अण्णा म्हणत, नंबर लागेपर्यंत मी पेन्शनीत जाईन. शिवाय मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर स्कूटरची लहान चाके काय कामाची? ही गाडी मूळची इंग्लंडातल्या रेडिच गावची. 1955 पासून मद्रासला जुळू लागली आणि हळूहळू सगळीच्या सगळी तेथे बनू लागली. तीनशे पन्नास सीसी, एकच सिलिंडर, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. आजच्या मुलांना ही उलटी रचना सांगितली तर ती हसतात. 2023 मध्ये आलेल्या नव्या बुलेटला तर किकच ठेवलेली नाही. बटण दाबले की झाले.

1980 च्या सिंहस्थाला अण्णा आईला मागे बसवून उज्जैनला गेले होते. ओंकारेश्वरच्या वाटेवर भेरूघाट चढताना ते गाडीशी मोठ्याने बोलत, हे आम्ही स्वतः ऐकले आहे. आमच्याशी त्यांचे बोलणे मोजके असे.

अण्णा 2009 साली गेले. 2011 मध्ये वाड्याची वाटणी झाली. वाटणीत काय झाले हे येथे सांगण्यासारखे नाही. कोणीतरी एक शब्द बोलते, कोणीतरी तो ऐकते, आणि मग दोघेही तो विसरत नाहीत. चौकात छातीइतकी भिंत आली. तिच्यावरून बोलणे ऐकू येई, पण बोलणे होत नसे. थोरले म्हणून बुलेट आमच्या बाजूला राहिली. हत्यारांची पेटी बंधूंकडे गेली. गणपतीत एकमेकांकडे आरतीला जाणे आणि दिवाळीला मुलांनी नमस्कार करणे, एवढा व्यवहार आम्ही दोघांनीही पाळला. बंधू तेव्हा भिलाईला पोलाद कारखान्यात होते. 2015 मध्ये निवृत्त होऊन परतले, तरी भिंत होती तेवढीच राहिली.

आता तो वाडाच उरणार नव्हता. जागा बिल्डरला देऊन दोघांनीही फ्लॅट घ्यावेत असे ठरले. दसऱ्यापर्यंत चौक रिकामा करून द्यायचा होता. पितळेची भांडी, शिसवी पलंग, पोथ्या यांची काहीतरी सोय लागली. ओसरीखाली ताडपत्रीत गुंडाळलेली बुलेट मात्र तशीच होती. जुन्या गाड्यांचा एक शौकीन गृहस्थ येऊन पाहून गेला. त्याने भाव सांगितला: आहे अशी तीस हजार, चालू स्थितीत एक लाख. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, सत्तर हजारांसाठी एखादा मिस्त्री बोलवा की." सल्ला रास्त होता.

मिस्त्री आले. एक नव्हे, तीन आले. पहिल्याने ताडपत्री उचलून पाहिली आणि खाली टाकली. दुसरा म्हणाला, "भिया, इसको कबाड़ में दे दो, टेन्शन मत लो." तिसरा वयस्क होता. त्याने किकवर पाय ठेवून एकदा दाबले आणि म्हणाला, "किक का कुत्ता गया है, बाबूजी." आमच्या डोळ्यांसमोर भलतेच चित्र उभे राहिले. तो गिअरपेटी उघडायला तयार होता, परंतु गाडी आपल्या दुकानी नेऊन, आणि दिवाळीनंतर. एवढी सवड आम्हांस नव्हती. शिवाय खरे सांगायचे तर गाडी वाड्याबाहेर जावी असे मनात नव्हते. का नव्हते, ते पुढे येईल.

म्हणून आम्हीच बसलो. टाकी धुतली, कार्ब्युरेटर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला, प्लग काढून त्या भोकातून इंजिनात थोडे तेल सोडले आणि दोन दिवस मुरू दिले. चौदा वर्षांच्या वनवासानंतर इंजिन जाम झाले असेल अशी भीती होती. किक दाबली तर पाय जो खाली गेला तो थेट पाताळात. इंजिन हलले की नाही हे कळण्याइतकाही अडथळा नाही. दहापैकी एखाद्या वेळी दात कोठेतरी धरी, पुन्हा सुटे. 'खट्' असा एक आवाज येई. तो आवाज आमच्या ओळखीचा होता.

बुलेटची किक इंजिनाला सरळ फिरवत नाही, हे आम्ही एका जुन्या पुस्तिकेत वाचले. पायाचा जोर आधी गिअरपेटीत जातो, तेथून क्लचमध्ये, क्लचमधून प्रायमरी साखळीवर, आणि मग इंजिनाच्या क्रँकवर. म्हणजे क्लच घसरत असला तरी पाय रिकामाच जाणार. हे वाचून आम्हांला मोठा आनंद झाला. व्याकरणातला एखादा प्रयोग उलगडावा तसा. मिस्त्रीचा तो कुत्रा आम्ही सोडून दिला आणि दोष क्लचचा आहे असा निर्णय केला.

त्या निर्णयापायी बारा दिवस गेले. डावीकडचा पायटा काढला, ब्रेकचे पायडल काढले. प्रायमरीचे मोठे झाकण मधोमध एकाच नटावर बसलेले असते, हे या गाडीचे एक सौंदर्यच आहे. पण झाकण सुटताक्षणी आतले तेल बाहेर येते हे सौंदर्य पाहताना लक्षात राहत नाही. आजोबांच्या शहाबादी फरशीवर काळा डाग पडला. आल्टरनेटरचे कडे बाजूला केले, क्लचच्या चकत्या एकेक काढून पेट्रोलने धुतल्या, वाळवल्या, पुन्हा बसवल्या. दुहेरी प्रायमरी साखळीला पाव इंचाचा ढिलेपणा हवा, तो पट्टी लावून मोजला. मेट्रिक पान्यांचा एक नवा संच आम्ही सियागंजातून आणला होता. त्याने दोन नटांची टोके गोल करून टाकली. बाराव्या दिवशी झाकण लावले, तेल भरले, किक मारली. पाताळ.

त्या संध्याकाळी भिंतीच्या दाराची कडी वाजली. वाटणीनंतर ते दार सणांखेरीज उघडले नव्हते. बंधू आत आले. गाडीकडे पाहिले, फरशीवरच्या डागाकडे पाहिले, आमच्या हातांकडे पाहिले.

"विकतोयस असं ऐकलं."

"अजून ठरलं नाही."

"मग हे काय चाललंय?"

आम्ही क्लचची सारी मीमांसा सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. वर्गात आम्हीही मुलांची चुकलेली उत्तरे अशीच पूर्ण ऐकून घेत असू.

"दादा, तू पहिले ही चौथ्या गिअरात टाकून पाहिलीस का?"

आमच्या इंदुरी मराठीत 'आधी'च्या जागी 'पहिले' येते. पुण्याचे नातेवाईक यावर हसतात. त्या दिवशी तो शब्द ऐकून आम्हांला बरे वाटले. भिलाईत एवढी वर्षे काढूनही ते तसेच बोलत होते.

त्यांनी गाडी डबल स्टँडवर चढवायला लावली. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, म्हणून चढवली आम्ही, सूचना त्यांच्या. प्लग काढला, गिअर चौथ्यात घातला आणि त्यांनी मागचे चाक हाताने फिरवले. प्लगच्या भोकाशी धरलेल्या आमच्या अंगठ्याला वारा लागला. पिस्टन हलत होता. चाक इंजिनाला फिरवते, तेव्हा जोर जातो तो गिअरपेटीतून आणि क्लचमधूनच. म्हणजे क्लच धरतो आहे. दोष क्लचच्या अलीकडे, किकच्या दांड्यात. सगळी परीक्षा दोन मिनिटांची.

"आणि असं पाहा," ते म्हणाले, "इतकी वर्षं उभ्या गाडीचा क्लच चिकटतो. घसरत नाही."

बारा दिवसांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. घरी जाऊन हत्यारांची पेटी घेऊन आले. ती हिरवी पत्र्याची पेटी आम्ही बारा वर्षांनी पाहत होतो. अण्णांचे पाने तिच्यात होते, इंचाचे. जुन्या बुलेटचे नट इंग्रजी मापाचे. मेट्रिक पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो, बसत नाही. पहिल्याच नटावर अण्णांचा पाना बसला तो 'टक्' आवाज ऐकून आम्ही सियागंजचा संच गुपचूप पिशवीत भरला.

पुढचे काम उजव्या बाजूचे. किकचा दांडा त्याच्या आसावर एका तिरक्या कॉटर पिनेने बसवलेला असतो. ही पीन काढणे म्हणजे अर्धी लढाई. थेट हातोडा मारला की आटे चेपतात आणि मग ती ना बाहेर येते ना आत जाते. बंधूंनी नट पुरता न काढता आट्यांच्या टोकाशी सपाट आणून ठेवला, आसाखाली लाकडाचा जाड ठोकळा आमच्याकडून घट्ट धरून घेतला, आणि एकच घाव घातला. दहा हलक्या घावांनी पीन वाकते, एका नेमक्या घावाने सुटते. नंतर गिअरचा दांडा, न्यूट्रलचा छोटा दांडा, बाहेरचे झाकण. किक परत वर आणणारी चपटी गुंडाळलेली स्प्रिंग शाबूत होती. मग आतले झाकण. गिअरपेटीत काळे जुने ग्रीस होते, त्याला खजुराच्या पाकासारखा दाटपणा आलेला. जो भाग निघेल तो वर्तमानपत्रावर निघाल्या क्रमाने मांडायचा आणि शेजारी आम्ही पेन्सिलीने आकडा घालायचा, एवढे कारकुनी काम आमच्याकडे होते. ते आम्ही चोख केले, हे नमूद करतो.

आणि तेथे तो कुत्रा होता. किकच्या आसाच्या आतल्या टोकाला एक खाच, खाचेत पोलादाची करंगळीच्या पेराएवढी जीभ, तिच्याखाली एक इवलीशी स्प्रिंग. किक स्वस्थ असते तेव्हा ती जीभ दबलेली राहते. पाय खाली येऊ लागला की ती उचलली जाऊन पहिल्या गिअरच्या चक्राच्या आतल्या दात्यांत अडकते आणि चक्राला ओढून नेते. इंजिन सुरू होऊन चक्र पुढे पळू लागले की दात्यांवरून निसटते. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तसलीच ही युक्ती. तिसऱ्या मिस्त्रीचे निदान पहिल्या दाबातच बरोबर होते.

बंधूंनी जीभ पुसून चष्म्याजवळ नेली. तिचे एक टोक गोल झाले होते, साबणाच्या वडीसारखे.

"आतले दाते चांगले आहेत," ते म्हणाले. "पण ही अशी एका कोपऱ्यानं झिजते ती अर्ध्या किकेनं. जीभ दात्यात पुरती बसायच्या आधीच वजन पडलं की हा कोपरा खातो. अण्णा कधी अशी किक मारत नसत."

अण्णांची पद्धत आम्हां दोघांनाही पाठ होती. चावी फिरवायची. किक हळूहळू दाबत जायची; कॉन्टॅक्ट ब्रेकरचे पॉइंट मिटलेले असतात तोवर हेडलाइटवरच्या अँपिअरच्या सुईचा कल डावीकडे, म्हणजे बॅटरीतून वीज जाते आहे. पॉइंट उघडले की सुई मध्यावर येते. मग डाव्या मुठीजवळचा छोटा डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टनला टोकाच्या जरा पलीकडे न्यायचे, किक वर येऊ द्यायची, आणि एकच लांब, सावकाश, पुरती किक. घाई नाही, नाचणे नाही. त्यांच्या वेळच्या आमच्या गल्लीत इतर बुलेटवाले घामाघूम होत आणि अण्णा धोतराचा सोगा न हलवता गाडी सुरू करीत.

"कुणी मारली ही किक?" बंधूंनी विचारले. "तू?"

आम्ही नाही म्हणालो. मग जे सांगायचे ते सांगावे लागले. आजवर ते आम्ही कोणाला सांगितले नव्हते. सौभाग्यवतींनाही अर्धेच ठाऊक होते.

2005 साली अण्णा रस्त्यावर गाडीसकट पडले. वय शहात्तर. खुब्याचे हाड बचावले, पण डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले की यापुढे दुचाकी नको. ते अण्णांना सांगण्याचे काम आमचे होते. आम्ही ते केले नाही. धैर्य झाले नाही, असे आज म्हणतो. तेव्हा आम्ही त्याला त्यांच्या मनाची काळजी असे नाव दिले होते. गल्लीतल्या एका मिस्त्रीने युक्ती सांगितली: कॉन्टॅक्ट ब्रेकरच्या दोन पॉइंटांमध्ये कागदाचा जाड कपटा सरकवा, ठिणगी पडणार नाही, गाडी जन्मात सुरू होणार नाही, आणि बाहेरून काही दिसणार नाही. एका दुपारी अण्णा झोपले असताना आम्ही तसे केले.

त्यानंतर चार वर्षे अण्णा रोज सकाळी पूजा आटोपून चौकात येत. ताडपत्री काढून गाडी पुसत. किक मारीत. पाय अधू झाला होता, म्हणून खांब धरून, अंगाचे वजन एकदम टाकून. दहा-बारा वेळा. पुढेपुढे 'खट्' असा आवाज येऊ लागला. आम्ही आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून तो ऐकत असू. गाडी सुरू होत नसे. ते ताडपत्री घालून आत येत आणि म्हणत, "म्हातारी झाली गाडी. पण रोज पाय मारावा, म्हणजे इंजिन जाम होत नाही." हे ते आमच्याकडे पाहून म्हणत.

बंधूंनी सगळे ऐकले. हात पुसले, उठून सिलिंडरमागचे काळे झाकण दोन क्लिपा सोडवून काढले. पेटीतल्या चिमट्याने त्यांनी तो कपटा ओढून घेतला. पिवळा पडला होता, तेलकट झाला होता. आमच्या सभेच्या एका व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेतून तो आम्ही कापला होता. 'प्रार्थनीय' यातली पहिली दोन अक्षरे अजून वाचता येत होती. गाडी दुकानी का द्यायची नव्हती, ते वाचकांच्या ध्यानी आले असेल.

"बॅटरी कशी होती तेव्हा?" त्यांनी विचारले.

"चांगली होती. दर दोन महिन्यांनी दुकानात चार्ज करून आणवत. हॉर्न वाजवून बघत रोज."

"आणि चावी फिरवत होते?"

"सगळं पूर्वीसारखंच करत. सुई बघत. मग किक."

बंधू बराच वेळ त्या कपट्याकडे पाहत राहिले.

"दादा, पॉइंटात कागद असला की वीजच जात नाही. सुई जागची हलणार नाही. हॉर्न वाजतोय आणि सुई हलत नाही, तर अण्णांना कळलं नसेल असं तुला वाटतं? पहिल्या दिवशी कळलं असेल. हे झाकण काढायला किती वेळ लागला मला?"

आम्ही काही बोललो नाही. आतून सौभाग्यवतींनी चहा आणून ठेवला, तो दोघांचाही निवला. थोड्या वेळाने बंधूच म्हणाले, "मी समजत होतो, त्यांच्या मागे तू गाडीकडे लक्ष दिलं नाहीस. म्हणून मी वाटणीच्या वेळी तसं बोललो होतो." काय बोलले होते ते त्यांनी उच्चारले नाही, आम्हीही विचारले नाही. मग ते उठले आणि दुसऱ्या दिवशी सियागंजात कोण जाणार असा व्यावहारिक प्रश्न काढला.

गेलो दोघेही. किकची जीभ दोन दुकानांत मिळाली. पहिल्या दुकानातली त्यांनी खिशातल्या छोट्या कानशीने एकदा घासून परत केली; पोलाद मऊ होते, कानस चावत होती. दुसरी घेतली. खाचेत किंचित जड बसत होती, तेवढी तेलाच्या दगडावर घासून मोकळी केली. बसवण्याच्या वेळी मात्र जिभेखालची स्प्रिंग आमच्या बोटांतून उडाली. तुळशीवृंदावनाच्या दिशेने गेली एवढे दोघांनीही पाहिले. एक तास शोधली. दोन वृद्ध माणसे, एक गुडघे न वाकणारा, एक डोळ्यांनी अधू, चौकात चुंबक फिरवीत आहेत हे दृश्य पाहून बंधूंच्या सूनबाई भिंतीपलीकडून विचारू लागल्या की काकांना बरे नाही का. शेवटी नवी स्प्रिंग आणली, पाच रुपयांना. दुकानदाराने पाच दिल्या. "एक उड़ती ही है," म्हणाला.

आतले झाकण, बाहेरचे झाकण, नवी कॉटर पीन. पीन कोणत्या तोंडाने घालायची यावर किकच्या दांड्याचा कोन ठरतो, हेही त्या दिवशी कळले. पहिल्यांदा उलटी बसली तर किक आकाशाकडे पाहू लागली. मागच्या साखळीची कथा लांबवत नाही. ती गंजली होती. मागच्या चक्रावरून तिला बोटांनी मागे ओढले तर निम्म्याहून अधिक दाता उघडा दिसला, म्हणजे साखळी गेली. नवी घालताना जोडकडीच्या क्लिपेचे बंद तोंड गाडी जाण्याच्या दिशेला ठेवायचे, नाहीतर ती वाटेत निसटते. चाक मागेपुढे करण्यासाठी दोन्ही बाजूंना गोगलगाईसारख्या खाचांच्या चकत्या असतात. दोन्हीकडे सारख्याच खाचा मोजायच्या. हब उघडले तेव्हा झटके झेलणारे रबराचे ठोकळे वाळून कोळसा झालेले आढळले, तेही बदलले. चक्र आणि ब्रेकचा ड्रम एकाच ओतीवाचे असल्याने दाते झिजले असते तर मोठा खर्च होता. दाते शाबूत निघाले. अण्णा साखळीला तेल देण्यात कधी चुकले नव्हते.

सहा व्होल्टची बॅटरी बसवली. पॉइंट घासून त्यांच्यातली फट बंधूंनी पातळ पट्टीने मोजली. रविवार होता, पितृपक्ष सुरू होता. किक मारायची कोणी हा प्रश्नच नव्हता. बंधूंना गुडघ्यांमुळे शक्य नव्हते. त्यांनी चावी फिरवली आणि हेडलाइटवर वाकून उभे राहिले.

"हळू दाब. अजून. सुई डावीकडे... डावीकडे... आली मध्यावर. थांब." डिकॉम्प्रेसर त्यांनीच ओढला. "थोडं आणखी. सोड. आता वर येऊ दे. दादा, घाई करू नकोस."

पहिल्या किकेला इंजिनाने पायाला धक्का दिला, म्हणजे जीभ धरत होती. दुसऱ्याला एक फुत्कार. चौथ्याला ती सुरू झाली. धूर निळा होता, चौकभर पसरला. ओसरीवरचे पारवे उडाले. आमच्या सौभाग्यवती हातात लाटणे घेऊन दारात आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. बंधू इंजिनापाशी कान नेऊन ऐकत होते.

"प्रायमरी ढिली आहे," ते म्हणाले. "पाव इंच एकाच जागी मोजलंस. क्रँक फिरवून चार ठिकाणी मोजायची असते. उद्या उघडू."

पुन्हा ते तेल, पुन्हा तो डाग. दुसऱ्या दिवशी उघडली.

दसऱ्याच्या आत चौक रिकामा झाला. शौकीन गृहस्थाचा फोन दोनदा आला. दुसऱ्यांदा तो बंधूंनी घेतला, काय बोलले ठाऊक नाही, तिसरा आला नाही. वाडा पाडताना आम्ही दोघेही तिकडे गेलो नाही. गाडी आज बंधूंच्या फ्लॅटखालच्या पार्किंगमध्ये आहे, कारण आमच्या इमारतीत जागा चिंचोळी. हिरवी पेटीही तेथेच, गाडीशेजारी. रविवारी सकाळी आम्ही जातो. किक आमची, सुई त्यांची. गिअरपेटीतून थेंब थेंब तेल गळते, ते काही थांबलेले नाही. ग्रीस घट्ट घ्यावे की पातळ यावर दोघांचे एकमत नाही. तेथील चौकीदाराची तक्रार आली की फरशी खराब होते, खाली पुठ्ठा ठेवा. पुठ्ठा बंधूंनी आणला. आमच्याकडून नको, म्हणाले.